युद्धाचं बिल कुणाच्या खात्यावर पडतं?

२०२२ च्या खरिपात डीएपी खताची पन्नास किलोची गोणी शेतकऱ्याला १,३५० रुपयांना मिळत होती. त्याच गोणीमागे केंद्र सरकार २,५०१ रुपये अनुदान भरत होतं. कृषी सेवा केंद्राच्या पावतीवर जेवढी रक्कम छापली जात होती, तिच्या जवळपास दुप्पट रक्कम पावतीबाहेरून जात होती. आदल्या वर्षी हेच अनुदान गोणीमागे १,६५० रुपये होतं. खतांचे जागतिक भाव २०२१ पासूनच चढायला लागले होते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि ते भडकले.

युद्धामुळे महागाई वाढते, हे आपण सगळेच म्हणतो. पण ती नेमकी कोणत्या वाटेने येते आणि वाटेत कोणाकोणाचा खिसा रिकामा करते, हे बघितलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. पेट्रोल महागलं नाही म्हणजे युद्धाची झळ लागली नाही, असं आपण धरून चालतो. खर्च मात्र झालेला असतोच. तो कधी तेल कंपनीच्या ताळेबंदात जातो, कधी सरकारच्या कर्जात, कधी रिझर्व्ह बँकेच्या डॉलरच्या साठ्यात, आणि कधी ढाक्यातल्या एखाद्या घरातला पंखा बंद होऊन फेडला जातो. हा लेख युक्रेनच्या युद्धाच्या आधारे तो खर्च शोधत जाण्याचा प्रयत्न आहे, कारण इतक्या जवळून आणि इतक्या तपशिलात पाहायला मिळालेलं हे अलीकडचं मोठं उदाहरण आहे.

तेल कमी होण्याआधी भाव का वाढतो

हल्ला झाला त्याच दिवशी ब्रेंट कच्च्या तेलाने, ज्याच्या भावावरून जगाचा भाव मोजतात, पिंपाला १०० डॉलरची पातळी ओलांडली. २०१४ नंतर पहिल्यांदाच. ७ मार्चला व्यवहार सुरू असताना भाव १३९ डॉलरपर्यंत गेला. या दोन आठवड्यांत रशियाचं तेल बाजारातून नाहीसं झालं होतं का? अजिबात नाही. जहाजं निघत होती, पाइपलाइन चालू होत्या. पुढेही रशियाची तेलनिर्यात कोसळली नाही, फक्त गिऱ्हाइकं बदलली.

कारण तेलाचा भाव हा आज टाकीत किती तेल आहे यावर ठरत नाही. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ते हातात पडेल की नाही, याबद्दलच्या अंदाजावर ठरतो. रिफायनरीला तेल आधीच बांधून ठेवावं लागतं. वायद्याच्या बाजारात मे महिन्याचं तेल मार्चमध्ये विकत घेतलं जातं. रशिया तेव्हा अमेरिका आणि सौदी अरेबियाच्या बरोबरीने जगातल्या तीन बड्या तेल उत्पादकांपैकी एक होता. त्याच्यावर निर्बंध येणार, बँका पैसे पाठवायला नकार देणार, विमा कंपन्या जहाजाला विमा देणार नाहीत, या नुसत्या शक्यतेने खरेदीदार दुसरीकडे धावले आणि सगळे एकाच दारात उभे राहिले.

दुसरं कारण मागणीचं. टोमॅटोची आवक थोडी घटली तरी बाजार समितीत भाव दुप्पट होतो, पण तिथे निदान टोमॅटो न घालता भाजी करता येते. ट्रकचालकाला डिझेलशिवाय गाडी नेता येत नाही. म्हणून तेलात दोन-तीन टक्क्यांची खरी किंवा संभाव्य तूटही भावात मोठी उडी आणते. भाव तोपर्यंत चढतो, जोपर्यंत कुणाला तरी घेणं परवडेनासं होत नाही.

भीतीचा भाव कसा असतो, हे जून २०२५ मध्ये अगदी स्वच्छ दिसलं. १३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ले केले आणि ब्रेंट एका दिवसात साधारण सात टक्क्यांनी वाढला. जगाच्या वापरातलं जवळपास पाचव्या हिश्श्याचं तेल होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातं. ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी तीस-पस्तीस किलोमीटर रुंद आहे आणि तिच्या एका काठावर इराण आहे. इराण ती बंद करील या धास्तीने भाव चढत गेला. २३ जूनला इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली. त्या दिवशी भाव वाढायला हवा होता. तो सात टक्क्यांच्या आसपास पडला. इराणने लष्करी तळ निवडला, तेलाला हात लावला नाही, हे व्यापाऱ्यांनी लगेच हेरलं. दुसऱ्या दिवशी युद्धविराम झाला आणि आठवडाभरात भाव जवळपास जिथून निघाला होता तिथे येऊन बसला. होर्मुझ या सगळ्या दिवसांत चालूच होतं.

तेलाच्या भावासोबत आणखी एक गोष्ट महागते, ती म्हणजे तेल आणि माल वाहून आणणं. युद्धक्षेत्रातून जाणाऱ्या जहाजाला नेहमीच्या विम्याशिवाय वेगळा युद्धजोखमीचा विमा घ्यावा लागतो आणि त्याचा दर जहाजाच्या किमतीच्या टक्केवारीत असतो. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हौथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. सुएझ कालव्याचा रस्ता सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. याची झळ नाशिकच्या द्राक्षबागायतदारांनी २०२४ च्या हंगामात सोसली. न्हावा शेवाहून युरोपला जाणाऱ्या शीतकंटेनरचं भाडं कितीतरी वाढलं आणि माल पोचायला दोन आठवड्यांच्या आसपास जास्त लागू लागले. तेलाचं पिंप दोन आठवडे उशिरा पोचलं तर बिघडत नाही. द्राक्षांचं तसं नसतं. उशिरा पोचलेला माल मऊ पडतो, देठ सुकतात आणि भाव पाडून मागितला जातो.

गॅसची गोष्ट वेगळी आणि जास्त निष्ठुर

तेल जहाजात भरून कुठेही नेता येतं. रशियाचं तेल युरोपने नाकारलं तर ते वाडीनार, जामनगर, पारादीपला येऊ शकतं, आणि तसंच झालं. युद्धाआधी भारताच्या आयातीत रशियन तेल दोन टक्क्यांच्याही आत होतं; २०२३ मध्ये ते एक तृतीयांशाच्या वर गेलं. जी-७ देशांनी डिसेंबर २०२२ पासून रशियन तेलावर पिंपाला ६० डॉलरची कमाल मर्यादा घातली, तिचा हेतूच असा होता की तेल बाजारात येत राहावं, पण रशियाच्या पदरात कमी पैसे पडावेत. भारताने हे तेल घेतलं नसतं तर जगाचा भाव आणखी चढला असता, हे म्हणणं मला पटतं. हे तेल भारताला सवलतीत मिळत होतं. त्या सवलतीचा किती भाग पंपावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचला, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. त्याकडे पुढे येऊ.

गॅस पाइपात अडकलेला असतो. २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या गॅस आयातीतला सुमारे ४० टक्के गॅस रशियाकडून येत होता. बाल्टिक समुद्राखालून जर्मनीला जाणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइनचा पुरवठा रशियाने जून २०२२ मध्ये ४० टक्क्यांवर आणला, जुलैअखेर २० टक्क्यांवर, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला बंद केला. युरोपचा घाऊक गॅस एरवी मेगावॅट-तासाला वीस युरोच्या आसपास असायचा. ऑगस्टअखेरीस तो ३४० युरोच्या आसपास पोचला.

पाइप बंद झाला की उरतो द्रवरूप गॅस. हा वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात खास जहाजांतून आणतात. अशी जहाजं आणि असे कारखाने जगात मोजकेच, आणि नवे उभे राहायला वर्षं लागतात. त्यामुळे युरोपने जास्त घेतला तर दुसऱ्या कुणाला तरी तो मिळणार नव्हता. हिवाळ्याआधी साठवणुकीच्या टाक्या भरायच्या म्हणून युरोपीय कंपन्या पडेल तो भाव द्यायला तयार होत्या. जुलै २०२२ मध्ये पाकिस्तानने गॅसखरेदीसाठी निविदा काढली, तिला एकही बोली आली नाही. बांगलादेशाने त्याच महिन्यात रोखीच्या बाजारातून, म्हणजे दीर्घ कराराशिवाय त्या वेळच्या भावाने, गॅस घेणं थांबवलं आणि १९ जुलैपासून देशभर वेळापत्रक लावून भारनियमन सुरू केलं. युक्रेनपासून हजारो किलोमीटर दूर, ज्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता, अशा कोट्यवधी लोकांनी जर्मनीचा हिवाळा उबदार ठेवण्याची किंमत उकाड्यात बसून मोजली. युरोपने आपल्या माणसांची काळजी घेतली, त्यात गैर काही नाही. पण 'युरोप ऊर्जासंकटातून सुखरूप बाहेर पडला' असं लिहिताना ढाका आणि कराची वगळता कामा नये.

भारतही यात सापडला. गेल कंपनीचा रशियाच्या गाझप्रोमशी वीस वर्षांचा करार होता. तो करार गाझप्रोमच्या ज्या उपकंपनीमार्फत होता, तिची जर्मनीतली पालक कंपनी एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारने ताब्यात घेतली. त्यानंतर भारताला यायची जहाजं येईनाशी झाली आणि गेलला गिऱ्हाइकांचा पुरवठा कमी करावा लागला. त्या गिऱ्हाइकांत खत कारखाने होते.

इथे गॅस आणि शेत जोडलं जातं. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. वायूतून हायड्रोजन काढायचा, हवेतल्या नायट्रोजनशी त्याचा संयोग करून अमोनिया करायचा, आणि अमोनियापासून युरिया. अलिबागजवळच्या थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा जो कारखाना आहे, तिथे हेच चालतं. वायू तिथे इंधन आहेच, शिवाय तोच कच्चा मालही आहे. गॅस महागला की युरिया आपोआप महागतो. पोटॅश या दुसऱ्या खताचं तर जगाच्या निर्यातीतलं साधारण ४० टक्के रशिया आणि बेलारूस या दोघांकडून येत होतं.

रुपया मध्ये कुठून येतो

आता एक हिशेब मांडू. जानेवारी २०२२ मध्ये भारत घेतो त्या तेलाचा सरासरी भाव पिंपाला साधारण ८५ डॉलर होता आणि डॉलर साडेचौऱ्याहत्तर रुपयांना होता. म्हणजे पिंप पडलं सुमारे ६,३३० रुपयांना. एका पिंपात १५९ लिटर, तेव्हा लिटरला ४० रुपये. जूनमध्ये भाव ११६ डॉलर झाला आणि डॉलर ७८ रुपयांवर गेला. पिंप ९,०५० रुपये, लिटर ५७ रुपये. डॉलरमध्ये तेल ३६ टक्क्यांनी महागलं होतं, पण आपल्याला ते ४३ टक्क्यांनी महाग पडलं. मधले सात टक्के रुपयाचे.

रुपया का घसरला? भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो आणि त्याचे पैसे बहुतेक डॉलरमध्येच देतो. भाव वाढला की तेल कंपन्यांना त्याच तेलासाठी जास्त डॉलर घ्यावे लागतात, आणि ज्याची मागणी वाढते ते महागतं. त्यात परकीय गुंतवणूकदार धास्तावले की मुंबईच्या शेअर बाजारातून पैसा काढतात. विकून आलेले रुपये देऊन तेही डॉलरच मागतात. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने महागाई रोखायला व्याजदर झपाट्याने वाढवले, तेव्हा डॉलर धरून ठेवणं आणखी फायद्याचं झालं. जुलैमध्ये डॉलर ८० रुपयांना टेकला, ऑक्टोबरमध्ये ८३ वर गेला. युरोचीही तीच गत झाली. जुलै २०२२ मध्ये एक युरो एका डॉलरच्या बरोबरीला आला होता. असं वीस वर्षांत झालं नव्हतं.

ही घसरण आणखी वाईट झाली असती. रिझर्व्ह बँकेने आपल्या साठ्यातले डॉलर विकून रुपयाला टेकू दिला. युद्ध सुरू झालं तेव्हा परकीय गंगाजळी ६३१ अब्ज डॉलर होती, ऑक्टोबरअखेर ती ५२५ अब्जांपर्यंत उतरली. सगळे डॉलर विकले गेले असं नाही. साठ्यात युरो, पौंड आणि सोनंही असतं आणि डॉलरच्या तुलनेत त्यांची किंमत घटली, म्हणूनही आकडा खाली आला. शिवाय ४ मे २०२२ ला, ठरलेली बैठक नसताना, बँकेने रेपो दर, म्हणजे ती इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, चार टक्क्यांवरून ४.४० केला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला. ज्यांच्या घराच्या कर्जाचे हप्ते त्या वर्षी वाढले किंवा मुदत लांबली, त्यांनी युद्धाच्या बिलातला आपला वाटा बँकेत भरला.

गंगाजळी नसेल तर काय होतं, हे आपण १९९०-९१ मध्ये अनुभवलं आहे. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळलं. तेल महागलं, आखातातून येणारे मनिऑर्डरचे पैसे आटले, आणि तिथल्या पावणेदोन लाखांच्या घरातल्या भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. बहुतेक विमानं अम्मानहून मुंबईला उतरत होती. देशाची आर्थिक घडी आधीच विस्कटलेली होती. या धक्क्याने परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं मुंबईतल्या तिजोरीतून सहार विमानतळावर नेऊन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं. त्यातून ४० कोटी डॉलरच्या आसपास उभे राहिले. ज्या देशाने ते दिवस पाहिले, त्याची मध्यवर्ती बँक आज डॉलर साठवताना कुणाचं ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

रुबलचं कोडं

युद्ध करणाऱ्या देशाचं चलन कोसळायला हवं, असं वाटतं. रुबल आधी कोसळलाच. युद्धाआधी डॉलरला ७५ ते ८० रुबल मिळत, मार्चमध्ये १२० मिळायला लागले. पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे जवळपास ३०० अब्ज डॉलर, म्हणजे तिच्या साठ्याचा निम्म्याच्या आसपासचा भाग, गोठवून टाकला. पैसे खात्यावर होते, पण काढता येत नव्हते. गव्हर्नर एल्विरा नबिउलिना यांनी २८ फेब्रुवारीला व्याजदर साडेनऊवरून एकदम २० टक्के केला. निर्यातदारांनी मिळवलेल्या परकीय चलनातलं ८० टक्के विकून रुबल घ्यावेत, अशी सक्ती झाली. लोकांना बँकेतून डॉलर काढण्यावर बंधनं आली.

आणि मग रुबल चढायला लागला. जूनअखेर डॉलरला जेमतेम पन्नास-बावन्न रुबल मिळत होते, युद्धाआधीपेक्षा कितीतरी मजबूत. मॉस्कोत याचा गवगवा झाला, आपल्याकडेही 'निर्बंध फसले' असं बऱ्याच जणांनी लिहिलं. पण चलनाचा दर म्हणजे त्या बाजारात येणाऱ्या आणि जाणाऱ्या पैशाचा तोल. तेल-गॅस चढ्या भावाने विकून डॉलर आणि युरो येत होते. जायला वाट नव्हती. परदेशी गाड्या, सुटे भाग, यंत्रं, औषधांचा कच्चा माल यांची आयात कोलमडली होती, कंपन्या देश सोडून गेल्या होत्या, पर्यटक बाहेर जाऊ शकत नव्हते. डॉलर घ्यायला कुणी नव्हतं म्हणून डॉलर स्वस्त झाला. माल मिळत नसलेल्या देशाचं चलन मजबूत दिसू शकतं, आणि त्या मजबुतीचा सामान्य माणसाला काडीचा उपयोग नसतो.

वर्षभरात तोल फिरला. तेलाचे भाव उतरले, चीन आणि तुर्कस्तानमार्गे आयात पुन्हा सुरू झाली, सरकारी खर्च वाढला. ऑगस्ट २०२३ मध्ये डॉलर १०० रुबलच्या पुढे गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजदर २१ टक्के करावा लागला. त्या दराने कर्ज काढून कारखाना काढणं कुणालाही जड जाईल. अपवाद फक्त ज्याची ऑर्डर संरक्षण मंत्रालयाकडून येते त्याचा.

युक्रेनने वेगळा मार्ग धरला. हल्ल्याच्या दिवशीच त्यांच्या राष्ट्रीय बँकेने आपलं चलन रिव्निया डॉलरला २९.२५ वर बांधून टाकलं, घबराट पसरू नये म्हणून. जुलैत ते २५ टक्क्यांनी उतरवून ३६.५७ वर पुन्हा बांधलं. हे जमलं ते मित्रदेशांकडून डॉलर आणि युरो येत राहिले म्हणून.

चलनांच्या या गोष्टीतला एक प्रसंग आपल्या अंगणात घडला. भारत रशियाकडून अफाट तेल घ्यायला लागला, पण रशियाला विकण्यासारखं त्या मानाने फार थोडं होतं. काही व्यवहार रुपयांत झाले आणि ते रुपये भारतीय बँकांत साचत गेले. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लाव्हरोव गोव्यात आले होते. भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील, अशी अडचण त्यांनी तिथे पत्रकारांपुढे मांडली. डॉलरला पर्याय उभा करायचा तर ते चलन खर्च करायला माल हवा, हे त्यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं मोठमोठ्या परिषदांतल्या भाषणांतून दिसत नाही. पुढे तेलाचे बरेच पैसे संयुक्त अरब अमिरातीच्या दिरहममध्ये दिले गेले.

सरकारचा खिसा

आता मुंबईतल्या पेट्रोलकडे बघू. नोव्हेंबर २०२१ पासून मार्च २०२२ पर्यंत दर हलले नाहीत. त्या काळात गोव्यासह पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुका होत्या. २२ मार्चपासून दर वाढायला लागले आणि सोळा दिवसांत लिटरमागे दहा रुपयांनी चढून मुंबईत पेट्रोल १२०.५१ रुपये झालं. २१ मे रोजी केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर आठ आणि डिझेलवर सहा रुपयांनी कमी केलं, दर १११.३५ वर आला. यातून केंद्राचं वर्षाला एक लाख कोटींच्या घरात उत्पन्न जाणार होतं. जुलैत राज्य सरकारने मूल्यवर्धित करात पेट्रोलला पाच आणि डिझेलला तीन रुपयांची कपात केली, त्याचा राज्याच्या तिजोरीवर वर्षाला सहा हजार कोटींचा भार सांगितला गेला. दर १०६.३१ झाला आणि २०२४ च्या मार्चपर्यंत जवळपास वीस महिने तिथेच राहिला.

या वीस महिन्यांत कच्चं तेल मात्र एका जागी नव्हतं. सुरुवातीला ते महाग असताना कंपन्यांनी तोटा सोसला. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांचा एप्रिल ते सप्टेंबर २०२२ चा एकत्रित तोटा २१ हजार कोटींहून जास्त होता. घरगुती गॅस सिलिंडरवरच्या तोट्यापोटी सरकारने त्यांना २२ हजार कोटी रुपये दिले. मग तेल उतरलं, रशियन तेल सवलतीत मिळू लागलं, पण पंपावरचा दर तसाच राहिला. २०२३-२४ मध्ये याच तीन कंपन्यांनी मिळून सुमारे ८१ हजार कोटींचा नफा नोंदवला. आधीचा तोटा भरून काढायला हवाच होता, हे मान्य. पण भरून किती झाला आणि त्याउपर किती राहिला, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगितलं नाही. दर बाजारावर सोडलेत असं सांगायचं आणि ते गोठवून ठेवायचे, या पद्धतीला माझा आक्षेप आहे. किमती सरकार ठरवतंय असं उघड म्हटलं तर निदान हिशेब मागता येतो.

खताचं गणित याहून मोठं होतं. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात खत अनुदानाला १.०५ लाख कोटी रुपये ठेवले होते. प्रत्यक्षात अडीच लाख कोटींहून जास्त लागले. वाढीव रक्कम सुमारे १.४६ लाख कोटी. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची त्या वर्षाची संपूर्ण तरतूद १.०४ लाख कोटी होती. शेतकऱ्याला त्या वर्षी खत तिप्पट भावाने घ्यायला लावणं हा पर्याय नव्हताच. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतीचा हिशेब ज्याला माहीत आहे, तो असं म्हणणार नाही. पण अनुदान दिलं म्हणजे खर्च मिटला, असं होत नाही. तो करातून आणि कर्जातून आला, आणि कर्जावर व्याज चालू राहतं.

युद्धाचा पैसा उभा करायला सरकारांकडे मोजकेच मार्ग असतात: कर वाढवणं, कर्ज काढणं, दुसरा खर्च कापणं, आणि नाइलाज झाला की नोटा छापणं. २०२५ च्या रशियन अर्थसंकल्पात संरक्षणाला साडेतेरा लाख कोटी रुबल ठेवले होते, म्हणजे केंद्रीय खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा. तेवढं भागवायला २०२६ च्या जानेवारीपासून तिथला मूल्यवर्धित कर २० वरून २२ टक्के झाला. तो कर दुकानातल्या बहुतेक खरेदीवर लागतो.

जर्मनी युद्धात नाही, तरी तिथला बदल सर्वांत लांब पल्ल्याचा आहे. हल्ल्यानंतर तीन दिवसांनी चान्सलर ओलाफ शोल्झ यांनी लष्करासाठी १०० अब्ज युरोंचा खास निधी जाहीर केला. सप्टेंबरमध्ये गॅस आणि विजेची बिलं आटोक्यात ठेवायला २०० अब्ज युरोंपर्यंतची योजना आली. सरकारने किती कर्ज काढावं यावर जर्मन राज्यघटनेतच बंधन आहे आणि त्या देशात ते बंधन फार मानतात. मार्च २०२५ मध्ये घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्यावरचा संरक्षण खर्च त्या बंधनातून मोकळा केला. जून २०२५ मध्ये नाटोच्या सदस्यांनी २०३५ पर्यंत संरक्षण आणि त्याच्याशी निगडित कामांवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्के खर्च करण्याचं ठरवलं. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगाने लष्करावर २,७१८ अब्ज डॉलर खर्च केले, आदल्या वर्षापेक्षा ९.४ टक्के जास्त.

तेलाचा भाव युद्धविरामानंतर आठवड्यात खाली येऊ शकतो. चलन वर्षा-दोन वर्षांत सावरतं. सरकारी कर्जाला मात्र फार वेळ लागतो. पहिल्या महायुद्धासाठी ब्रिटनने लोकांना विकलेल्या रोख्यांची कर्जं पुढे नव्या व्याजदराने फिरवली गेली आणि त्यातला साडेतीन टक्क्यांचा मुख्य रोखा ब्रिटिश सरकारने ९ मार्च २०१५ रोजी फेडून टाकला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, अमेरिकेकडून घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता २९ डिसेंबर २००६ ला गेला. जर्मनी आज जे कर्ज काढतोय, त्याचे हप्ते भरणारी बरीच माणसं अजून शाळेतही गेलेली नाहीत.